मिसळणाच्या डब्यातला दवाखाना

माझ्या वाडीतल्या माणसांना औषधांची नावं ठाऊक नव्हती. त्यांना फक्त माणसांची नावं ठाऊक होती, आणि तेवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

मी मुळशीतल्या माले गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आले, त्याला आता सहा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात एक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून माझ्या दारावरून तरातरा पुढं निघाली. तापानं डोळे लाल झाले होते. मी हाक मारली, ‘अहो, इकडं या, गोळी देते.’ ती म्हणाली, ‘तुमचं ऱ्हाऊ द्या शिस्टर. एक कैलास घेतला की बरं वाटंल.’ आणि गेलीसुद्धा. मला वाटलं, कैलास हा तिचा दीर असेल आणि त्याच्या गाडीवरून ती पौडला जाणार असेल. दुसऱ्या दिवशी ती मजेत धुणं घेऊन निघाली होती. मी विचारलं, कुठल्या डॉक्टरकडं गेला होतात? तर म्हणाली, ‘गोजराबाईकडं.’

त्या दिवसापासून गोजराबाई या माझ्या प्रतिस्पर्धी झाल्या. सरकारनं मला पदवी, पांढरा कोट, वजनकाटा आणि लोखंडी कपाट दिलं होतं. गोजराबाईंकडं होता एक स्टीलचा मिसळणाचा डबा. आणि रोगी सगळे तिकडं.

या वाडीत औषध टाकून द्यायची पद्धत नव्हती. डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या की तिसऱ्या दिवशी माणूस बरा व्हायचा, निदान त्याला तसं वाटायचं. चौथ्या दिवशी देवाला नारळ फुटायचा आणि उरलेल्या गोळ्या पदराच्या गाठीला बांधून घरची बाई गोजराबाईंना नेऊन द्यायची. ज्या गोळीनं एक माणूस उठून बसला, ती दुसऱ्यालाही उठवणार, असा त्यामागचा हिशेब. गोजराबाई त्या गोळ्या पाकिटातून सोलून काढत. पाकिटं उगीच जागा खातात असं त्यांचं मत होतं. मग ज्याच्या घरून गोळ्या आल्या, त्याच्या नावाच्या वाटीत त्या पडत. तापाच्या वाटीचं नाव कैलास. पित्ताच्या वाटीचं दादासाहेब, कारण त्यांची करपट ढेकर साऱ्या आळीला ऐकू जायची. बायकांच्या पोटदुखीची वाटी प्रियाच्या नावाची. प्रिया लग्न होऊन भरे गावाला गेली, चार वर्षांत तिला दोन मुलं झाली, पण तिची वाटी इथंच राहिली. गुडघेदुखीची वाटी हैबतरावांची. सातव्या वाटीत मात्र खरीखुरी हळद होती, आणि माझं मत विचाराल तर साऱ्या डब्यात तेवढं एकच औषध मुदतीतलं होतं.

‘मावशी,’ मी एकदा त्यांना म्हटलं, ‘यातल्या अर्ध्या गोळ्यांची तारीख उलटून गेली असेल.’

‘मिरचीला असती व्हय तारीख?’ त्या म्हणाल्या. ‘मग गोळीला कशाला पायजे?’

गोजराबाई तेव्हा साठीच्या पुढं होत्या. अंगानं काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोलणं असं की समोरचा आपण होऊन खाली बसावा. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. पण अमुक गोळी अमक्या साली कुणाच्या घरून आली, हे त्या माझ्या रजिस्टरपेक्षा पक्कं सांगत. रोगी आला की त्याला आधी ओट्यावर बसवायच्या. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, सासू काय म्हणाली, झोप लागती का, हे सगळं व्हायचं. मग कोरा चहा. अर्धे रोगी चहावरच बरे होत आणि उरलेल्यांना एक कैलास किंवा एक दादासाहेब मिळे. एवढं माझ्या उपकेंद्रात होत नव्हतं. मी नाव विचारायचे, वय विचारायचे, गोळी द्यायचे आणि पुढच्याला बोलवायचे. चहाची तरतूद सरकारनं केलेली नाही.

त्यांचा मुलगा अमोल मारुंजीत खोली करून राहतो, टेम्पो चालवतो. त्यानं एकदा आईसाठी लाल रंगाची, वर पांढरी फुली असलेली प्रथमोपचाराची पेटी आणली. आत कापूस, पट्ट्या, थर्मामीटर, सगळं होतं. गोजराबाईंनी ते सगळं एका पिशवीत भरून खुंटीला टांगलं आणि पेटीत रेशनकार्ड, आधारकार्डं आणि लग्नातले फोटो ठेवले. कारण पेटीला कडी होती. मला राग आला होता, पण मी फार बोलले नाही. माझ्या स्वतःच्या घरी फ्रिजच्या दारात दोन वर्षांपूर्वीचं खोकल्याचं औषध उघडं पडलेलं होतं, हे मला आठवत होतं.

गोजराबाईंचे मालक जयसिंगतात्या. भाताची थोडी खाचरं, दोन म्हशी, आणि बोलायचं कमी. बायकोच्या दवाखान्याची थट्टा मात्र ते न चुकता करायचे. कुणी रोगी आला की ओट्यावरून उठून जागा करून द्यायचे आणि म्हणायचे, ‘या, या. डॉक्टरीणबाई आत हायेत. नंबर लावा.’ गोजराबाई फणकारायच्या, पण आतून त्यांना ते आवडायचं. दोघांचं असं चालत आलं होतं.

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी हे सगळं एका सकाळीत उलटंपालटं झालं.

भाताची बेणणी चालली होती. चार दिवस चिखलात वाकून तण काढून तात्यांचा गुडघा सुजला होता. सोमवार असल्यानं त्यांचा उपास होता, पोटात नुसता चहा. गोजराबाईंनी डबा उघडला, हैबतरावांच्या वाटीतून गोळी काढली, मग गुडघ्याकडं बघितलं आणि दुसरी काढली. तात्यांनी दोन्ही गोळ्या चहाबरोबर घेतल्या आणि खाचरात उतरले. गोजराबाई म्हशीचं बघायला गोठ्यात गेल्या.

अकराच्या सुमारास हैबतराव माझ्या दारात धापा टाकत आले. हैबतराव म्हणजे तात्यांचे शेजारी, सत्तरीचे. गुडघ्यांच्या कारणानं दहा पावलं चालायची तर पंधरा तक्रारी सांगणारे. ते आज धावत आले होते. ‘शिस्टर, चला. जयसिंग कायच्या बाय बोलतोय.’

मी बॅग घेऊन पळाले. तात्यांना लोकांनी उचलून ओट्यावर आणून ठेवलं होतं. अंग घामानं भिजून चिंब, हात थरथरत होते, आणि ते कुणाशी तरी बैलांबद्दल भांडत होते. बैल विकून त्यांना आठ वर्षं झाली होती. भोवती आळी जमली होती. कुणी म्हणालं उपासानं चक्कर आली, कुणी म्हणालं वारं लागलं. गोजराबाई शेजारी डबा उघडून बसल्या होत्या आणि कुठली वाटी द्यावी याचा विचार करत होत्या. हात दादासाहेबांच्या वाटीकडं गेला होता.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘आधी सांगा, सकाळपासून काय दिलंय?’

‘काय न्हाई. दोन हैबतराव.’

मी बोट टोचून साखर तपासली. यंत्रानं अठ्ठेचाळीसचा आकडा दाखवला. साखरेचा आजार नसलेल्या माणसाची साखर नुसत्या सकाळच्या उपासानं इतकी खाली जात नाही. मी मागं वळले. हैबतराव तिथंच भिंतीला टेकून गुडघा चोळत उभे होते.

‘हैबतराव, तुम्ही गुडघ्याच्या कुठल्या गोळ्या पाठवल्या होत्या मावशीकडं?’

‘गुडघ्याच्या?’ हैबतरावांनी डोकं खाजवलं. ‘त्या तर मागल्या दिवाळीलाच संपल्या. परवा पाठवल्या त्या साखरेच्या. डागदरनं लिवून दिलेल्या, पर मी कारल्याचा रस घेतो, मला काय करायच्यात. म्हनलं वाया कशाला घालवा.’

गोजराबाईंच्या मांडीवर डबा तसाच उघडा होता. गोळ्या हैबतरावांच्या घरून आल्या होत्या, म्हणून त्या हैबतरावांच्या वाटीत पडल्या होत्या. गोजराबाईंच्या पद्धतीत काहीच चुकलं नव्हतं. म्हणूनच ती चूक इतकी मोठी होती.

तात्या भ्रमात असले तरी जागे होते, गिळू शकत होते, म्हणून मी ग्लासभर पाण्यात साखर ढवळून त्यांना घोटाघोटानं पाजली. थोड्या वेळानं त्यांनी बैल सोडून दिले आणि मला ओळखलं. पण अशा गोळीचा अंमल दिवसभर राहतो, साखर पुन्हा खाली जाते, हे मला माहीत होतं. आम्ही त्यांना पिकअपमध्ये घातलं आणि पौडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आणि गाडीत चढता चढता मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझ्या आईचंही म्हणणं आहे. साऱ्या आळीसमोर मी म्हणाले, ‘मावशी, आज माणूस मारला असतात तुम्ही.’

गोजराबाई गाडीत तात्यांच्या पायाशी बसल्या आणि पौड येईपर्यंत त्यांनी तात्यांचा पाय सोडला नाही.

दोन रात्री तात्या दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी टुणटुणीत होऊन परत आले आणि पहिलं काम म्हणून उपास मोडल्याबद्दल महादेवाची माफी मागून आले. गोजराबाईंनी त्याआधीच सगळ्या गोळ्या एका फडक्यात बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. डबा त्यांनी राखेनं घासला, उन्हात वाळवला, आणि त्यात मोहरी, जिरं, तिखट भरलं.

आता खरं सांगते. मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी रोगी माझ्या दारात यायला लागले होते. तो आनंद चार दिवस टिकला. माझ्या लक्षात आलं की मी ताप मोजते, पण ताप का आला हे मला कुणी सांगत नाही. एक सून पोटदुखीची गोळी घ्यायला तीनदा आली. तिसऱ्या खेपेला मी चहा केला, तेव्हा कळलं की सासू दोन वेळचं पोटभर वाढतच नाही. हे गोजराबाईंनी पहिल्या दिवशी काढून घेतलं असतं आणि सासूला ओट्यावर बोलावून सरळही केलं असतं. संध्याकाळी उपकेंद्राला कुलूप लागलं की वाडीतल्या खरचटण्या-भाजण्याला वालीच उरला नाही. एका बाईचा हात वाफेनं पोळला, ती सवयीनं गोजराबाईंकडं गेली, तर त्यांनी दारातूनच परत पाठवली. साधं गार पाण्याखाली हात धर, एवढंही सांगितलं नाही. ‘मला इचारू नको. शिस्टरकडं जा.’

त्या स्वतःही सुकत चालल्या होत्या. कुणाकडं जात नव्हत्या, ओट्यावर बसत नव्हत्या. तात्या थट्टा करायला बघायचे तर ती ऐकायला समोर कुणी नसायचं. माझ्या एका वाक्यानं हे झालं होतं आणि ते मला रात्रंदिवस टोचत होतं.

गौरी-गणपतीच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून यादी घेऊन गेले. ‘मावशी, घरात औषधं ठेवायलाच पाहिजेत. फक्त नीट ठेवायची. लाल पेटी काढा.’

त्यांनी रेशनकार्ड बाजूला ठेवलं आणि पेटी पुढं सरकवली. खुंटीवरची पिशवी काढली. मी एकेक वस्तू भरत गेले. ताप मोजायला थर्मामीटर. तापाच्या गोळ्यांचं एक अख्खं पाकीट, न सोललेलं. जुलाबावर ओआरएसच्या पुड्या. जखम धुवायचं औषध, कापूस, जाळीची पट्टी, चिकटपट्टी. मुरगळल्यावर बांधायची ताणाची पट्टी. भाजल्यावरचं मलम. करवंदीचा काटा काढायला चिमटा. कात्री. इतरांच्या उरलेल्या गोळ्या एकही नाही. साप, विंचू, छातीत दुखणं, यांना पेटी नाही, यांना गाडी.

‘आन् तारीख मला कशी कळनार?’ गोजराबाईंनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी विचारलेली ती पहिली गोष्ट.

मी म्हटलं, मी दर महिन्याला येऊन बघीन. त्यांनी मान हलवली. ‘तू काय जलमभर हितं ऱ्हानारेस? बदली झाली मंग?’ मग त्यांनीच तोड काढली. होळीच्या आधी संपणाऱ्या वस्तूला लाल दोरा, दिवाळीच्या आधी संपणाऱ्याला पिवळा. सण आला की त्या दोऱ्याचं टाकायचं. मी नोकरीत अनेक ट्रेनिंगं केली, पण अशी युक्ती कुठल्या साहेबानं शिकवली नाही, हे मी त्यांना सांगितलं.

दोरे बांधून झाले. मी पेटी त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी हात मागं घेतले. ‘भरलीस, लई चांगलं केलंस. फळीवर ठेव. लागंल तवा तू येऊन देत जा. माझ्या हातानं आता कुनाला गोळी न्हाई.’

मी बरंच समजावलं, थोडी चिडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. पेटी फळीवर बसून राहिली.

गौरी गेल्या आणि तात्यांना ताप आला. दोन दिवस पावसात भिजून बांध बांधले होते, तो बहाद्दरपणा अंगावर आला. गोजराबाईंनी शेजारचा पोरगा पाठवून मला बोलावलं. मी गेले तेव्हा तात्या घोंगडी पांघरून पडले होते आणि गोजराबाई उंबऱ्याशी, पेटीपासून शक्य तितक्या लांब बसल्या होत्या. मी पेटी काढली, ताप बघितला, एकशे एकच्या वर होता. गोळी सोलून तात्यांच्या पुढं धरली.

तात्यांनी ती घेतली नाही. ‘तिच्याकडं दे,’ म्हणाले. ‘ती दील मला.’

‘मी हात लावायची न्हाई,’ गोजराबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या.

‘मंग ऱ्हाऊ दे ताप. मला काय घाई न्हाई.’ आणि ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

मी मधे गोळी धरून उभी. दोघं नवराबायको साठी-सत्तरीची, आणि हट्ट दोन वर्षांच्या पोरांचा. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, ‘मावशी, तापानं तात्या फणफणलेत, आणि मला पोलिओच्या याद्या करायच्यात. तुमचं काय ते ठरवा.’

शेवटी त्या उठल्या. हात धुतले, पदराला पुसले. माझ्या हातातलं पाकीट घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं.

‘नाव वाच.’

‘पॅरासिटामॉल.’

‘कशाची?’

‘तापाची. अंगदुखीचीही.’

‘कुनाच्या घरनं आली?’

‘कुणाच्या नाही. दुकानातून. नवी आहे, तुमच्यासमोर भरली.’

मग त्या तात्यांकडं वळल्या. ‘अवो, सकाळधरनं काय खाल्लंया?’ तात्या म्हणाले, काही नाही. त्यांनी दुधात भाकरी कुस्करून आणली आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग माझ्या हातातली गोळी घेतली. तात्यांपुढं नेता नेता ती खाली पडली. दुसरी सोलली. तात्यांनी आपला तळहात त्यांच्या हाताखाली धरला, गोळी घेतली, तोंडात टाकली आणि पाणी यायच्या आत गिळूनही टाकली.

‘आता तुम्ही तुमची कामं करा,’ मी म्हटलं. ‘तासाभरात ताप उतरेल.’

गोजराबाई हलल्या नाहीत. त्यांनी तात्यांचं मनगट धरलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बसल्या. ‘त्या दिवशी गोळी दिली आन् म्हशीकडं गेले,’ त्या म्हणाल्या. ‘बघितलं न्हाई. आज बघू दे मला.’

मग मीही गेले नाही. याद्या राहिल्या. तासाभरानं तात्यांच्या कपाळावर घाम आला, गळ्यावर आला, आणि गोजराबाईंचा चेहरा पांढरा पडला. ‘शिस्टर, त्या दिवशीबी असाच घाम,’ त्या म्हणाल्या.

मी बोट टोचलं. साखर एकशे दहा. थर्मामीटर लावलं. ‘मावशी, ताप उतरतोय. हा घाम चांगला आहे.’

त्यांनी पदरानं तात्यांचं कपाळ पुसलं, गळा पुसला, पुन्हा कपाळ पुसलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हुंदके देऊन रडल्या. मलाही आवरलं नाही, सांगायला लाज वाटत नाही.

तात्यांनी घोंगडी बाजूला केली आणि आम्हा दोघींकडं बघितलं. ‘रोगी बरा झाला तर रडत्यात व्हय गं डॉक्टर?’ ते म्हणाले. ‘ऊठ, बाहेर कुनीतरी आलंय. नंबर लावून बसलंय कवाचं.’